आफ्रिकेतला बोअर आणि सासूबाईंच्या गोळ्या

पत्र

जय ख्रिस्त मावशी. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. पगार १४,००० हातात येतो. मिस्टर रिक्षा चालवतात. सासूबाईंनी उभा जन्म विड्या वळल्या, आता दम लागतो, गोळ्या कायमच्या. मुलं दोन. चर्चच्या मंडळीत दर महिन्याला १,४०० दशांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग देते, कधी चुकवला नाही.

चार महिन्यांमागे आमच्या मंडळीत एका संस्थेचे भाऊ संदेश द्यायला आले. सुदानमधली उपासमार, आफ्रिकेतल्या बायका हंडे घेऊन किती लांब चालतात, सगळं पडद्यावर दाखवलं. मला रडू आवरेना. कार्डावर महिन्याला २,००० लिहून दिले. तीन महिने भरलेही, भाऊंच्या नंबरवर फोन-पे केले. पावती अजून आली नाही. घरात बोलले नव्हते. तिसऱ्या महिन्यात बचत गटाच्या हप्त्यातले वळवले आणि गटातल्या बाईकडूनच मिस्टरांना कळलं. ते म्हणाले, "हितं पाच-पाच दिसाला पाणी येतंय, अन् तू आफ्रिकेत बोअर माराय निघालीस व्हय?"

कारखान्यात एक सहकारी कायम टोमणा मारतात, "तुमचं काय, तुम्हाला परदेशातनं पैसा येतो." त्यांना कसं सांगू, की परदेशात पैसा जातोय म्हणून आमच्या घरात भांडण आहे! आता या महिन्याचे भरू की नको? देवापुढे दिलेला शब्द मोडला तर पाप लागेल का? आणि मिस्टर म्हणतात तसं आधी घर, मग गाव आणि उरलं तर जग, हे बरोबर आहे का?

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

पोरी, या महिन्याचे भरू नकोस. बाकीचं सावकाश वाच, पण एवढं आधी ठरव.

का, ते सांगते. पैसे भाऊंच्या नंबरवर फोन-पे केले, हे तू अगदी सहज लिहून गेलीस. मी बँकेतून निवृत्त झाले आहे, माझी नजर त्या ओळीवरच अडकली. संस्थेचं खातं संस्थेच्या नावावर असतं. पावतीवर नोंदणी क्रमांक असतो, पॅन असतो, सही-शिक्का असतो. तो माणूस लबाडच आहे असं मी म्हणत नाही. भाबडा कार्यकर्ता असेल, जमेल तसं पुढे भरतही असेल. पण तुझ्या कारखान्यात कुणी व्हाउचरशिवाय सहा हजार टेबलावर ठेवले, तर तू ते वहीत कसे चढवशील? तोच नियम इथे लाव. फोन करून पावत्या माग आणि संस्थेच्या खात्याचा तपशील माग. आठवड्याभरात आला नाही, तर फोन-पेच्या नोंदी घेऊन पाळकसाहेबांकडे जा, कारण अशा पाहुण्याला व्यासपीठ देणं ही पंचांचीही जबाबदारी आहे.

पावती मागणं म्हणजे अविश्वास, असं तुझ्या मनात येईल. मग बायबलातलं करिंथकरांस लिहिलेलं दुसरं पत्र काढ, अध्याय ८ आणि ९. अख्ख्या शास्त्रात वर्गणीवर इतकं सविस्तर दुसरं काही मला माहीत नाही. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल समुद्रापलीकडच्या मंडळ्यांकडून पैसे गोळा करतोय. देणाऱ्यांनी घेणाऱ्यांना जन्मात पाहिलेलं नाही. आणि एवढा मोठा प्रेषित ते पैसे एकट्याच्या हाताने नेत नाही. आपला सहकारी तीत याला पाठवतो, त्याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ देतो, आणि कारणही लिहून ठेवतो: या रकमेबाबत आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये, प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही आमचा व्यवहार चोख असावा. पौलाला हिशेब द्यायला कमीपणा वाटला नाही, तर भाऊंनाही वाटू नये.

आता शब्दाचं. तुझी अडचण पौलाला ओळखीची होती. करिंथकरांनीही वर्षभर आधी उत्साहाने कबूल केलं होतं आणि पुढे गाडी अडली होती. पौल त्यांना शाप देत नाही की घाबरवत नाही. तो म्हणतो, सुरू केलंत ते पुरं करा, पण जवळ असेल त्या मानाने; नसेल त्या मानाने देव मागत नाही. आणि लगेच पुढे, दुसऱ्याचं ओझं हलकं करताना तुमच्यावर चढावं असा माझा हेतू नाही. तेव्हा तुझा शब्द रद्द करायची गरज नाही, आकडा बदलायचा आहे. २,००० हा आकडा तुझ्याकडे कधी नव्हताच. तो तू रडता रडता लिहिलास.

बचत गटाचे पैसे मात्र आधी परत कर. ते तुझे नव्हते. त्या हप्त्यामागे आणखी बायकांचा घाम आहे, आणि दुसऱ्याच्या घामातून केलेलं दान मला तरी मान्य नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांवर, त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांवर, कशासाठी चिडतो, आठव. आई-बापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणून देवाच्या नावावर टाकायचं आणि घरच्या म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं, ही त्यांची युक्ती. सासूबाईंच्या गोळ्यांना कात्री लावून सुदानला पैसे पाठवणं त्याच वाटेने जातं. तू अजून तिथवर गेली नाहीस, पण तिसऱ्या महिन्यात हप्ता वळवलास, म्हणजे चौथ्यात गोळ्यांची पाळी होती.

मग द्यायचं किती? माझ्या अंदाजाने ३०० रुपये, आणि तेही दशांशातूनच काढता येतात का ते बघ. बायबलातल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातल्या लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राखून ठेवायला सांगितलाय. म्हणजे दशांशात गरिबाचा वाटा पहिल्यापासून आहे. काही पाळकांना हे रुचत नाही, आणि त्यांचंही चूक नाही. लहान मंडळीत लाइट बिल आणि पाळकांचा पगार याच पैशावर चालतो. तू तुझ्या पाळकसाहेबांशी मोकळेपणाने बोल. नाही म्हणाले तर शंभर रुपये वेगळे काढ, पण मिस्टरांना सांगून. नवऱ्यापासून लपवलेल्या दानावर कितीही प्रार्थना केलीस तरी ते घरात कुजतं.

आता मिस्टरांच्या त्या वाक्याकडे येते. खरं सांगू, मला ते फार आवडलं. कारण आफ्रिकेतल्या बोअरचा आणि आपल्या सोलापूरचा संबंध आहे, आणि तो ऐकून रिक्षावाल्याची मान ताठ होईल.

साठच्या दशकाच्या अखेरीला आणि सत्तरच्या दशकात आपल्याकडे कठीण खडकात यंत्राने बोअर मारायला सुरुवात झाली. बोअर झाले, पण वर बसवलेले हापसे टिकेनात. बिडाचे होते ते, एका कुटुंबाने दिवसातून चार बादल्या उपसाव्यात अशा बेताचे. गावात त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग. दांडा मारला की आतला गज तिरका ओढला जायचा, खिळ झिजायची, महिन्याभरात हापसा खुळखुळायला लागायचा. १९७४ च्या एका पाहणीत देशातल्या हापशांपैकी चारातले तीन बंद सापडले. जालन्यात स्कॉटिश मिशनच्या लोकांनी पोलादाचा दणकट हापसा करून पाहिला. आपल्याकडे "सोलापूर वेल सर्व्हिस"ने त्यातून पुढे सोलापूर पंप उभा केला. तो बनवणारा कॉलेजात शिकलेला नव्हता, हाताने शिकलेला मिस्त्री होता, असं त्याबद्दल लिहिलेलं आहे. त्या काळातला सगळ्यात टिकाऊ हापसा तो ठरला. युनिसेफ आणि भारत सरकारने तोच पाया धरून "इंडिया मार्क टू" तयार केला, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं. त्याच्या नक्षीवर कुणाची मालकी ठेवली नाही, कुणीही बनवावा. आज जगात सर्वांत जास्त वापरला गेलेला हापसा म्हणून त्याचं नाव घेतात, आणि आफ्रिकेच्या कितीतरी देशांत खेड्यातल्या बायका त्याचाच दांडा मारतात.

गावी कुठे असा हापसा दिसला तर त्याचं वरचं झाकण काढलेलं असताना बघ. दांड्याच्या आतल्या टोकाला कमानीसारखा तुकडा असतो, त्यावरून मोटारसायकलच्या चेनसारखी साखळी खाली जाते आणि गज तिला सरळ लोंबतो. कमानीमुळे गज कुठेही तिरका होत नाही. एवढ्याशा गोष्टीने खिळ वाचली आणि कोट्यवधी हंडे भरले. मिस्टरांना सांग, सोलापूरचं डोकं आफ्रिकेत पाणी काढायला फार आधीच गेलंय.

पण याच गोष्टीत इशाराही आहे. दान देणाऱ्याला बोअर दिसतो, उद्घाटनाची फीत दिसते, फोटो दिसतो. वायसर झिजला की काय होतं ते कुणी दाखवत नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत २००९ च्या सुमारास तिसरा हिस्सा हापसे बंद असल्याचा अंदाज होता. खणायला पैसे मिळतात, दुरुस्तीला मिळत नाहीत. म्हणून त्या भाऊंना किंवा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला तू विचारायचं ते असं: हापसा बिघडला तर दुरुस्त कोण करतं, सुटे भाग कुठून येतात, गावाची समिती आहे का आणि तीत बायका किती? दोन वर्षांनी तिथे परत कोण गेलं? मदत घेणाऱ्याचा धर्म विचारता का? शेवटचा प्रश्न तर नक्की विचार. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि मोठ्या मदत संस्थांनी मिळून आचारसंहिता केली, तीत मदत गरज बघून द्यावी आणि धर्म किंवा राजकारण पुढे रेटायला वापरू नये, असं ठरलं. अनेक ख्रिस्ती संस्थांनीही ती स्वीकारली आहे. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोनीनेही वाटेतल्या जखमीला आधी उपासनेला येतोस का असं विचारलं नव्हतं. उत्तर गोलमोल आलं, तर दुसरी संस्था शोध.

"आधी घर, मग गाव, मग जग." घराचं मिस्टर बरोबर म्हणतात, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पौल त्यांच्याच बाजूने आहे, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला तो फार कडक शब्दांत झापतो. पण पुढची रांग मला पटत नाही. सोलापूरला रोज नळाला पाणी येईल तेव्हा जगाकडे बघू म्हटलं, तर आपली नातवंडंही वाट बघत बसतील. आणि दुसऱ्यांनी आपल्या बाबतीत हा हिशेब केला असता तर? १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले तेव्हा त्यांच्या देशात गुलामगिरी चालू होती, घरचं काम डोंगराएवढं पडलं होतं. तरी तिथल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांनी पैसे पाठवले, आणि पुढे त्याच मिशनच्या कामातून सोलापुरात शाळा उभ्या राहिल्या. मेरी बी. हार्डिंगच्या नावाच्या बालवाडीत शिकलेली माणसं तुझ्या आजूबाजूला सापडतील, सगळ्या जाती-धर्मांची. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या बायका-मुलींना आसरा दिला, त्यामागेही अमेरिकेतल्या साध्या लोकांची वर्गणी होती. रमाबाईंच्या कामाला हातभार लावायला बोस्टनमध्ये १८८७ मध्येच संघ स्थापन झाला होता.

हा फक्त ख्रिस्ती लोकांचा वारसा आहे असंही समजू नकोस. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. आपल्या देशात तेव्हा डॉक्टरांची काय रेलचेल होती? तरी काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, आणि कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. मिस्टरांच्या रांगेत कोटणीसांना जागा नाही. सोलापूरच्या माणसाला हे सांगून बघ, तो गप्प होतो.

टोमणे मारणाऱ्या सहकाऱ्यांशी वाद घालू नकोस. परदेशातून पैसा आला हे खरंच आहे. १९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कहून "क्विटो" नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं, "ख्रिश्चन हेरल्ड" साप्ताहिकाच्या वाचकांच्या पुढाकाराने. तो मका दुष्काळग्रस्तांच्या पोटात गेला. आज संस्थांना परदेशी देणगी घ्यायची तर सरकारी परवाना लागतो आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरलेल्या एकाच शाखेत उतरतो, तिथून पुढे. एवढी माहिती दे आणि चहा पाज. पुढच्या वेळी त्यांच्याच खिशातून सुदानसाठी दहा रुपये माग, हसतील आणि देतील.

आता बँकेतली बाई म्हणून शेवटचं, कारण यात लोक फार गोंधळतात. भारतातून परदेशी संस्थेला देणगी पाठवायला बंदी नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात देणगीही बसते. बँकेत ए-टू फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा. तुझी अडचण मर्यादेची नाहीच. ३०० रुपये पाठवायला बँकेचं शुल्कच त्याहून जास्त पडेल. तेव्हा दर महिन्याला पाठवणं शुद्ध वेडेपणा आहे. पौलाने करिंथकरांना दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला ठेवायला सांगितलं होतं, तसं डब्यात साठव आणि वर्षातून एकदाच पाठव. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही, हेही लक्षात ठेव. आणि हे पैसे मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून बाहेर पाठवायचा उत्साह कुणी दाखवला तर थांबव. इथल्या धर्मादाय ट्रस्टला देशाबाहेर खर्च करायचा तर आयकर खात्याची खास मंजुरी लागते, नाहीतर पाळकसाहेब नोटिसा वाचत बसतील.

मला विचारशील तर एवढ्या रकमेला दुसरी वाट सोपी आहे. चर्चच्या पुढाकाराने चालणाऱ्या भारतीय संस्था आहेत: कासा १९४७ पासून, कारितास इंडिया १९६२ पासून, एफिकोर १९६७ पासून. पूर, दुष्काळ, भूकंप, पाणी, शेती यांत त्यांचं काम आहे. त्यांचे वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण मागून वाच, तुला ताळेबंद वाचता येतो, मंडळीतल्या किती जणांना येतो? दूरचा शेजारी ओडिशाच्या किनाऱ्यावरचाही असतो. सुदानच पाहिजे असेल तर वर्षाचा डबा सुदानला, माझी हरकत नाही.

पैशाशिवायही करण्यासारखं आहे, ते थोडक्यात सांगते. श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाचा एक टक्का गरीब देशांना द्यावा, ही सूचना १९५८ मध्ये जागतिक चर्च परिषदेने केली होती. संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ०.७ टक्के धरला, आणि बहुतेक देशांनी तोही पाळला नाही. २०२५ मध्ये तर अमेरिकेने आपली मदत संस्थाच गुंडाळली. ही भोकं तुझ्या ३०० रुपयांनी बुजणार नाहीत आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये. पण १९९० मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीच्या आसपास मुलं वर्षाला दगावत होती, २०२२ मध्ये ४९ लाख. लसी, मीठ-साखरेचं पाणी, मच्छरदाण्या, स्वच्छ पाणी, याच गोष्टींनी हे घडलं. तुमच्या महिला सभेत महिन्यातून एकदा एका देशाची बातमी वाचून प्रार्थना करा, नुसतं "आफ्रिकेतल्या गरिबांसाठी" असं मोघम नको. सुदानमध्ये लढाई कुणाची चालू आहे, धान्याच्या गाड्या कुठे अडतात, हे कळलं की प्रार्थनेलाही धार येते.

शनिवारी मिस्टर घरी आले की जेवणानंतर वही काढ. पगार, रिक्षाची कमाई, गटाचा हप्ता, गोळ्या, फी, दशांश, सगळं त्यांच्यासमोर लिही. सहा हजार कुठे गेले तेही लिही आणि माफी माग, लांबड लावू नकोस. मग हापशाची गोष्ट सांग. ३०० आकडा तू बोलू नकोस, त्यांना बोलू दे. ते पन्नास म्हणाले तर पन्नास लिही. आणि सोमवारी कारखान्यात जायच्या आधी भाऊंना पावत्यांसाठी फोन कर.